डीरॅमचा माठ: मेमरीच्या मटेरियलकडे वळणाऱ्यांसाठी

एमएस्सी फिजिक्सला प्रोजेक्टसाठी मेमरी हा विषय घेतला, तेव्हा मला वाटलं होतं की सगळं काम सर्किटचं असेल. निघालं ते एका पातळ थराचं.

डीरॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामाची मेमरी. तिच्या प्रत्येक पेशीत (एक बिट साठवणाऱ्या घरात) एक ट्रान्झिस्टर, म्हणजे स्विच, आणि विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर असतो. रॉबर्ट डेनार्ड यांना आयबीएममध्ये असताना १९६८ साली या रचनेचं पेटंट मिळालं. कपॅसिटर १० फेम्टोफॅरडचा (फेम्टो म्हणजे १०⁻¹⁵) आणि व्होल्टेज १ व्होल्ट धरून वहीत गणित मांडा: जेमतेम ६२ हजार इलेक्ट्रॉन येतात. आणि तेही आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या माठासारखे पाझरत राहतात. म्हणून डीडीआर४ पिढीच्या मेमरीत दर ६४ मिलिसेकंदांत पेशींची प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली, की ३२ मध्येच.

मग माठ चांगल्या मातीचा करायचा. ही माती म्हणजे कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमधला विद्युतरोधक पातळ थर. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जितका मोठा, तितका तेवढ्याच जागेत जास्त भार मावतो. सिलिकॉन डायऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.९, टेट्रागोनल स्फटिकरचनेच्या झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइड) ४० च्या आसपास. पण झिर्कोनियाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला थरातून जाताना अडवणारी ऊर्जेची दरी) लहान, शिवाय स्फटिकांच्या सीमांवरून प्रवाह निसटतो. म्हणून झिर्कोनियाच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) अतिशय पातळ पापुद्रा घालतात. त्याचा बँड गॅप मोठा आणि तो अस्फटिकी, त्यामुळे सीमांची वाट मध्येच तुटते. या विषयातली मला सर्वांत आवडणारी कल्पना हीच.

मी सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावण काचेवर गरगर फिरवून (स्पिन) पसरवत आणि मग तापवून, साधा झिर्कोनिया थर करत होतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने बाटलीतलं द्रावण बाटलीतच घट्ट होऊन जेल व्हायचं. मे महिन्यात उलट, स्पिन करताना द्रावक भर्रकन उडून थरावर रेघा यायच्या. म्हणून सकाळी सहाला लॅब उघडून घ्यायचो. तरीही दहातले सहा कपॅसिटर शॉर्ट, म्हणजे प्रवाह थेट आरपार. तीन आठवडे मीटर तपासण्यात गेले. शेवटी मायक्रोस्कोपखाली थराला पडलेली बारीक छिद्रं दिसली. द्रावण ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या फिल्टरमधून गाळलं, काच पुन्हा धुतली आणि पहिल्यांदा मोजमापाचा नीट आलेख मिळाला. तुम्ही मीटरवर संशय घ्यायच्या आधी थर बघा.

फिजिक्स, मेटलर्जी, इलेक्ट्रॉनिक्स, कुठूनही या विषयात येता येतं. नागपुरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत मेटलर्जी आणि मटेरियल्सचा विभाग आहे. क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) हवी असेल तर आयआयटी मुंबईतल्या आयएनयूपी योजनेची माहिती काढा; ती बाहेरच्या संशोधकांसाठीच आहे. गुजरातमधल्या साणंदचा मायक्रॉन या मेमरी कंपनीचा प्रकल्प चिपच्या जोडणीचा आणि चाचणीचा आहे, तिथे वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) थर चढवत नाहीत. नोकरीचा अर्ज करताना हे ध्यानात असू द्या.

जुलैत काम सुरू करणार असाल, तर डेसिकेटर (ओलावा बाहेर ठेवणारं बंद भांडं) आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल जूनमध्येच मागवून ठेवा.