घाट चढायची इलेक्ट्रिक सायकल: वॅट नंतर विचारा, आधी दाते मोजा

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायचं म्हणजे ३० किलोमीटरच्या आसपास रस्ता अन् त्यात जवळपास ७०० मीटरची चढाई. आपल्याकडे आता बरेच लोक इलेक्ट्रिक सायकल घेऊन राहिले, नाहीतर घरच्या गिअरच्या सायकलला मोटर-बॅटरीचं किट बसवून राहिले, आणि घाटाचं नाव काढलं की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच सांगतात, जास्त वॅटची मोटर टाक. हे ऐकून पैसे घालू नका भाऊ. अमरावतीच्या सपाट रस्त्यावर मस्त पळणारी सायकल घाटात दम टाकते त्याचं कारण बहुतेक वेळा गिअरमधे असते.

सायकल कोणती घ्यायची यावर जास्त बोलत नाही. २६ इंची चाक, मजबूत फ्रेम, मागे गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. एवढं असलं की झालं.

मोटर मात्र मिड-ड्राइव्हच घ्या, म्हणजे पॅडलच्या जागी बसते ती. हब मोटर चाकात असते, तिला सायकलच्या गिअरचा काही उपयोग होत नाही, चढावर चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, आणि हळू फिरणारी मोटर बॅटरीतून करंट ओढत राहते पण त्यातला मोठा हिस्सा नुसता तापण्यात जातो. गिअरवाल्या हब मोटरमधे आत नायलॉनचे दाते असतात, ते अशा उष्णतेत अन् जोरात झिजतात. गावातून बाजाराला, शेतात जायला हब मोटर चांगली आहे, स्वस्त आहे, कटकट नाही. घाटासाठी नको. पुढच्या चाकातली तर अजिबात नको, चढावर सगळं वजन मागे जाते अन् खडीवर पुढचं चाक जागीच फिरते.

२५० वॅटची मोटर आणि २५ किलोमीटरच्या आत वेग असला तर नोंदणी अन् लायसन्सची भानगड नाही. ऑनलाइन १००० वॅटचं किट दिसते, ते लावलं की कायद्याने ती सायकल राहत नाही, गाडी होते. आणि गरजही नाही, हिशोब करून बघा. माणूस, सायकल, पिशवी मिळून १०० किलो धरा, ६ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला चाकाशी साधारण १९० वॅट लागतात. मोटर अन् तुमचे पाय मिळून हे आरामात देतात.

बॅटरी ३६ व्होल्ट, १३ एएच (अँपिअर-अवर), दोन्हींचा गुणाकार म्हणजे ४६८ वॅट-अवर. १०० किलो ७०० मीटर उचलायलाच १९० वॅट-अवर जातात, त्यावर टायरचं घर्षण, हवा, मोटरची गळती, म्हणून ७-८ एएचची छोटी बॅटरी वर पोचेपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. बॅटरी फ्रेमच्या खालच्या दांड्यावर लावा. कॅरिअरवर लावली की चढावर पुढचं चाक हलकं पडते. आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) नसलेला, जुन्या सेलांचा जोडून दिलेला पॅक कितीही स्वस्त मिळो, घरात आणू नका.

आता गिअर. मला सगळ्यात जास्त त्रास इथंच झाला आणि किटसोबत येणाऱ्या कागदावर याबद्दल एक ओळ नसते, म्हणून नीट सांगतो.

मिड-ड्राइव्ह मोटर मजेत चालते ती पॅडल मिनिटाला ७०-८० फेऱ्या फिरत असताना. त्याच्या खूप खाली गेली की तिचंही हब मोटरसारखंच होते, तापते, करंट खाते, जोर देत नाही. किटसोबत पुढे बहुतेक वेळा ४४ नाहीतर ४६ दात्यांचं चेनव्हील (पॅडलजवळची दातेरी चकती) येते आणि आपल्या सायकलला मागे १४-२८ चं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, छोटी चकती १४ दात्यांची अन् मोठी २८ ची, असते. ४६ ला २८ ने भागा, १.६४ येते. २६ इंची चाकाचा घेर दोन मीटरपेक्षा थोडा जास्त, २.०७ धरा. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल ३.४ मीटर जाते, आणि ७० फेऱ्या ठेवायच्या तर ताशी १४ किलोमीटरच्या वर पळावं लागेल. घाटाच्या वळणावर २५० वॅटमधे १४ चा वेग टिकत नाही. वेग १० वर येतो, फेऱ्या ५० च्या खाली येतात, मोटर घुरघुरते, अन् माणूस म्हणते मोटर कमजोर आहे!

उपाय असा. पुढे ४२ दात्यांचं, आत वळलेलं चेनव्हील लावा, आणि मागे शिमानोचं ७ स्पीडचं १४-३४ मेगारेंज फ्रीव्हील. आटे असलेल्या साध्या हबवर ते बसते, कॅसेटचा, म्हणजे चकत्या सरकवून बसवायचा, हब घ्यायची गरज नाही. आता ४२ भागिले ३४, म्हणजे १.२४, एका फेरीत सुमारे अडीच मीटर. ताशी १० च्या वेगाला ६५ फेऱ्या मिळतात. मोटर तीच, बॅटरी तीच, अन् चढ बसल्या बसल्या निघतो. हा खर्च मोठ्या मोटरच्या मानाने काहीच नाही. मागे कॅसेटचा हब असेल तर ११-३६ बघा, तेही चांगलं.

आत वळलेलंच चेनव्हील काहून, तर मोटर पॅडलच्या जागी बसली की चेनव्हील बाहेर सरकते, आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, नेमकी घाटात लागते तिच्यावर, चेन तिरपी जाते. तिरपी चेन आवाज करते, लवकर झिजते, खड्ड्यात उडते. ३४ ची चकती लावल्यावर चेनही लांब लागते: डिरेलरमधून (चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा मागचा भाग) न घालता पुढच्या अन् मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवून बघा, जिथं जुळते तिथून दोन कड्या जास्त ठेवा. जुनी आखूड चेन तशीच राहिली अन् तुम्ही मोठ्या चकतीवर टाकलं तर डिरेलर उपटून स्पोकमधे जाते, घाटात मग सायकल हातात धरून उतरा. डिरेलर ३४ दाते घेणारा आहे का हे विकत घेतानाच विचारा.

आणि गिअर बदलायची पद्धत. मेगारेंजमधे चकत्या १४, १६, १८, २०, २२, २४ अशा येतात आणि मग एकदम ३४. या २४ वरून ३४ च्या उडीतच चेन तुटते, कारण तुम्ही पॅडल हलकं केलं तरी मोटर क्षणभर जोर देत राहते. म्हणून ब्रेकचा लिव्हर बोटाने जरासा दाबायचा, ब्रेक लागेल इतका नाही, फक्त मोटर बंद होईल इतका. पॅडल हलकं फिरवत गिअर टाकायचा, चेन बसल्याचा 'टक्' आवाज आला की लिव्हर सोडायचा. त्यासाठी किटसोबतचे कट-ऑफवाले, म्हणजे दाबताच मोटर बंद करणारे, लिव्हर बसवाच, बरेच मिस्त्री जुनेच ठेवून देतात. अन् हे वळणाच्या आधी करायचं, चढ अंगावर आल्यावर नाही. गिअर बदलताना मोटर आपोआप थांबवणारा गिअर सेन्सर मिळत असेल तर घ्या, पण बोटाची सवय तरी लावाच.

ब्रेक: पुढे १८० मिमीची डिस्क, उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, दाबा-सोडा करत उतरायचं. टायर २.१ इंची, आत सीलंट, बाभळीचे काटे सोडत नाहीत. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमधे गच्च भरते अन् चाक अडते, मोटर मात्र ओढत राहते, म्हणून मडगार्ड उंच ठेवा नाहीतर काढूनच टाका. वायरचे जोड खाली तोंड करून बांधा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी टिनाच्या खोलीत तेवढं तापमान सहज होते. घाट चढून आल्या आल्या चार्जरला लावू नका, बॅटरी काढून घरात गार होऊ द्या, रात्री लावा. २ अँपिअरच्या चार्जरने १३ एएचला साडेसहा-सात तास लागतात, उशाशी नका ठेवू.

पहिला घाट चढून झाला की दोन गोष्टी बघा. मोटर धरून ठेवणारा लॉकनट पहिल्या काही खेपांत ढिला होतोच, पान्याने कसा, नाहीतर मोटर फ्रेममधे फिरते अन् वायर कापते. आणि वर पोचल्यावर मोटरला हात लावा, कोमट असली तर ठीक, पण हात पाच सेकंदही ठेववत नसेल तर तुम्ही अजून जड गिअरवर चढून राहिले, पुढच्या वेळी एक चकती आधीच मोठी टाका.