पानशेतच्या पाण्यात अलिबागचा पंखा

आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलो आणि पहिली नोकरी लागली पानशेतच्या बॅकवॉटरला, पेट्रोलच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनांवर. पुण्यात बोटींचं काम करतो म्हटलं की नातेवाईक अजून हसतात. हसू देत. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पंखा देतो. ‘प्रोपेलर’ फक्त बिलावर, काठावर तो पंखाच.

त्यावर दोन आकडे असतात. आमच्या ४० एचपीच्या बोटीवर होते ११ बाय १३. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा स्क्रूसारखा त्यात शिरला असता, तर एका फेरीत जेवढा पुढे गेला असता तो पिच. पाणी तसं नसतं, म्हणून साधारण १० ते २० टक्के घसरण धरायचीच.

ही बोट मालकांनी अलिबागहून जुनी घेतली होती. तिकडे म्हणे झकास पळायची. इकडे सहा माणसं बसली की नाक वर करून रांगायला लागायची. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून साफ केला. तीन दिवस त्यात गेले आणि प्लग पुन्हा काळेच. शेवटी आमच्या मालवणच्या काकांनी विचारलं, “आरपीएम किती मिळतात ते बघितलंस का रे?”

आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे. नव्हतं बघितलं. माणसं बसवून पूर्ण थ्रॉटल दिला, तर मीटर ४८०० ला अडकला. इंजिनच्या पुस्तकात लिहिलं होतं ५००० ते ६०००. चौथ्या गिअरमध्ये पाबे घाट चढवावा, तसं ते इंजिन आठवडाभर चाललं होतं.

म्हणजे पिच जास्त होता, पंखा फिरवायला इंजिनला जड जात होता. आता अलिबागला चालणारा पंखा इथे जड का पडावा? पानशेतचं पाणी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून थोडं वर आहे. हवा विरळ, त्यामुळे दर ३०० मीटरला साध्या इंजिनची ताकद अंदाजे ३ टक्क्यांनी उतरते. म्हणजे इथे ६ टक्के गेलीच. त्यात शनिवार-रविवारची गर्दी, दुपारचं ऊन. किनाऱ्यावर जमत होतं ते इथे फसलं.

पिच एक इंचाने उतरवला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने चढतात. आम्हाला ११ पिच हवा होता. नाना पेठेत गाडीचं काहीही मिळतं, पण हा पंखा नाही, मुंबईहून मागवला. मागवताना इंजिनचा मॉडेल नंबर सांगा आणि शाफ्टचे दात मोजून सांगा, नाहीतर व्यास-पिच बरोबर असूनही पंखा बसत नाही. नवा बसवला, तीच सहा माणसं, तेवढंच पेट्रोल, आणि मीटर ५२०० वर. नाक लवकर खाली आलं. पंखा फार हलका घेतला तर मात्र इंजिन मर्यादेबाहेर ओरडतं, तेही नको. रिकाम्या बोटीवर घेतलेली चाचणी मी धरतच नाही.

स्टील की ॲल्युमिनियम, यावर पोरं तासभर वाद घालतात. उन्हाळ्यात धरण उतरलं की दगड आणि जुनी खोडं पाण्याखाली हातभरावर येतात. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, स्टीलचा दणका सरळ गिअरपर्यंत जाऊ शकतो. मी ॲल्युमिनियमच घेतो आणि एक जादा पंखा बोटीत ठेवतो.

दणका बसल्यावर इंजिन ओरडतंय पण बोट ढिम्म, असं झालं तर पंख्याच्या आतला, शाफ्टवरची नळी आणि पात्यांचा हब (मधला गोल भाग) जोडणारा रबरी बुश सुटलाय का बघा. आतल्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि बोट फिरवून आणा. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे झाले असतील तर बुश गेला.

पंख्याला हात लावण्याआधी किल्ली काढून खिशात. नट सोडताना पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा, बोटं नाही. पंखा निघाला की मागच्या वॉशरजवळ नायलॉनची तंगूस गुंडाळलीय का बघा. ती सील कापते, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. परवाच एकाच शाफ्टवरून हातभर तंगूस निघाली, गळ अजून तिला लटकत होता.