प्लॉटवर कोणी घुसलं तर पहिले सहा महिने वाया घालवू नका

रिकामा प्लॉट किंवा लांबचं शेत असलं की आधी चार विटा पडतात, मग पत्र्याचं शेड उभं राहतं, आणि आपण "बघू, समजावून सांगू" म्हणत बसतो. तेच करू नका, कारण दिवस मोजले जात असतात.

कळलं त्याच दिवशी फोटो काढा. नुसत्या शेडचा फोटो उपयोगाचा नाही, त्यात हललेला हद्दीचा खांब आणि मागे विहीर, डीपी असं काहीतरी न हलणारं दिसलं पाहिजे म्हणजे जागा कुठली ते सिद्ध होतं. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि कब्जा आपलाच होता हे दाखवणारं काहीही, लाइटबिल, टॅक्सची पावती, पीकपाहणीची नोंद, सगळं एका फाइलीत ठेवा.

मग पोलीस स्टेशन. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागतं (आधी भारतीय दंड संहितेत, म्हणजे आयपीसीत, हेच ४४१, ४४७ होतं). जमिनीत घुसलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, राहत्या घरात घुसलं तर कैद १ वर्षापर्यंत. पण इथे एक मेख आहे, नुसतं आत येणं पुरत नाही, गुन्हा करायचा किंवा आपल्याला धमकवायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा इरादा लागतो. म्हणून तक्रारीत "अतिक्रमण केलं" एवढंच लिहून थांबू नका, खांब उपटले, जा म्हटल्यावर दम दिला, काय शब्द वापरले, जे खरंच घडलं ते तारीख-वेळेसकट लिहा. नाहीतर "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतात. एफआयआर घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कब्जा गेला असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ६ खाली दावा लावा, तो ६ महिन्यांच्या आतच लावावा लागतो. यात मालक कोण हा वाद कोर्ट काढतच नाही, कब्जा तुमचा होता आणि कायदेशीर मार्गाने न जाता काढून घेतला एवढं दाखवलं की झालं. (सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही.) शेतजमीन असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडेही जाता येतं, मुदत तिथेही ६ महिनेच. मुदत हुकली तर मालकीचा दावा उरतो, पण तो वर्षानुवर्षं चालतो, आणि समोरच्याचा विरोधी कब्जा (तुमचा हक्क न मानता उघडपणे ठेवलेला ताबा) १२ वर्षं झाला तर तोही हातचा जातो.

बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे शासकीय मोजणीचा अर्ज टाका आणि क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या, खाजगी मोजणीला समोरचा पाच मिनिटांत नाही म्हणतो.

आणि प्लीज, रात्री जेसीबी घेऊन शेड पाडायला जाऊ नका. घुसलेला माणूस आत बसलेला असताना मारामारी झाली की गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.