जागतिक राजकारणाचा पेपर घेतलाय? मग अभ्यास असा करा

पहिल्या सेमिस्टरला बहुतेक सगळे हेच करतात, मीपण केलं. रोज चार न्यूज साइट वाचायच्या, रात्री यूट्यूबवर डिबेट बघायच्या आणि वाटतं की अभ्यास जोरात चाललाय. मग पेपर हातात आला की कळतं आपल्याला काल काय झालं ते माहितीये, पण ते तसंच का झालं, कुठल्या नियमामुळे झालं, ते सांगता येत नाही. आणि मार्क त्याचेच असतात.

म्हणून आधी एकच विषय पकडा आणि सेमिस्टर संपेपर्यंत सोडू नका. युद्ध, निर्वासित, हवामान, अण्वस्त्रं, काहीही चालेल, फक्त तो लहान करून घ्या. नुसतं "हवामान बदल" घेतलं तर आयुष्य जाईल. "पॅरिस करारात श्रीमंत देशांवर नेमकं काय बंधनकारक आहे" असं घेतलं तर तीन आठवड्यांत काहीतरी हाताला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मूळ कागद वाचा. करार, ठराव, मतदानाची नोंद. हे सगळं यूएनच्या डिजिटल लायब्ररीत फुकट आहे आणि तरी वर्गातली निम्मी मुलं ते कधीच उघडत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. पॅरिस कराराचंच बघा. १२ डिसेंबर २०१५, शेवटचा दिवस, अंतिम मसुदा समोर आला आणि कलम ४ मध्ये विकसित देशांसाठी 'शुड'च्या जागी 'शॅल' छापलेलं निघालं. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'शुड' म्हणजे करायला हवं. अमेरिकेने हरकत घेतली, कारण कायदेशीर बंधन आलं असतं तर करार सिनेटपुढे न्यायची वेळ आली असती आणि तिथे तो पास होणं अवघड होतं. शेवटी तांत्रिक दुरुस्ती म्हणून शब्द बदलला आणि करार मंजूर झाला. एका शब्दावर एवढं सगळं अडलेलं होतं, आणि हे बातमीच्या हेडलाइनमध्ये सापडत नाही, कलम उघडून बसलं की दिसतं.

मतदानाचंही तसंच. २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धचा ठराव यूएनच्या सुरक्षा परिषदेत आला, १५ पैकी ११ मतं बाजूने, भारत, चीन आणि यूएई तटस्थ, आणि एकट्या रशियाच्या नकाराने ठराव पडला. का पडला? यूएनच्या सनदेचं कलम २७ वाचा, नऊ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचा नकार चालत नाही. मग विषय आमसभेत गेला, तिथे असा व्हेटो (नकाराधिकार) नाही, २ मार्चला १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. आता एक काम करा, ते ३५ देश वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढा, आणि त्यातल्या दोन-तीन देशांनी मतदानानंतर काय कारण दिलं ते वाचा. प्रत्येकाचं कारण वेगळं निघतं. एका संध्याकाळचं काम आहे पण त्यातून जे डोक्यात बसतं ते दहा लेक्चरमधून बसत नाही.

आकडे वापरताना आधी व्याख्या बघा. २०२३ अखेर जगात ११ कोटी ७३ लाख लोक जबरदस्तीने विस्थापित होते, हा आकडा लोक सरळ "निर्वासित" म्हणून ठोकून देतात. त्यातले ६ कोटी ८३ लाख तर स्वतःच्याच देशात होते, त्यांना १९५१ चा निर्वासित करार लागूच होत नाही. त्या करारात छळाची पाच कारणं आहेत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. पूर आणि दुष्काळ त्यात नाहीत, त्यामुळे "क्लायमेट रेफ्युजी" लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

थिअरी वाचाच, पण आपला विषय थोडा हातात आल्यावर. आधी वाचली तर नुसती पाठ होते.

आणि हेगमधली दोन कोर्टं एकमेकांत मिसळू नका प्लीज, एक (आयसीजे, आंतरराष्ट्रीय न्यायालय) देशादेशांतले वाद बघतं, दुसरं (आयसीसी, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) व्यक्तींवर खटले चालवतं, ही चूक फायनल इयरपर्यंत दिसते.

निबंध लिहिताना पहिल्या पानावर तुमचं उत्तर आलं पाहिजे, इतिहास नंतर. कच्चा ड्राफ्ट झाला की वर्गात ज्याचं मत तुमच्या अगदी उलट आहे त्याला वाचायला द्या, आणि तो जिथे जिथे "हे कशावरून?" विचारेल तिथे पेन्सिलने खूण करून घ्या. सबमिशनच्या आधीचा आठवडा फक्त त्या खुणांसाठी ठेवा.