क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरत बसू नका, आणि अडकलाच असाल तर असे बाहेर या

बिल भरायला ॲप उघडलं की दोन आकडे दिसतात, टोटल ड्यू, म्हणजे पूर्ण बिल, ५०,००० आणि खाली मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढं तरी भराच असं बँक सांगते तो आकडा, २,५००. महिनाअखेर असते, खात्यात खडखडाट असतो, आणि तो छोटा आकडा बघून एकदम हायसं वाटतं. मी कितीतरी महिने तोच भरत होते आणि वाटायचं, वेळेवर भरतेय ना, मग काय टेन्शन. पण कर्ज जागचं हलतच नव्हतं. का हलत नव्हतं ते नंतर कागद-पेन घेऊन बसले तेव्हा कळलं, तेच इथे मांडतेय.

मिनिमम भरल्याने लेट फी वाचते आणि बिल चुकवल्याची नोंद होत नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज चालूच राहतं. समजा व्याज महिन्याला ३ टक्के आहे, ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे ५०,००० वर महिन्याचे १,५०० व्याजाचेच झाले, तुम्ही भरले २,५००, मुद्दल कमी झालं फक्त १,०००. आणि खरी मेख पुढेच आहे, बाकी जराशी उतरली की पुढच्या महिन्याचं मिनिममही उतरतं, मग अजून उतरतं, आणि आपण खुशीत कमी कमी भरत जातो. मिनिमम ५ टक्के धरलं आणि मधे एकही नवीन खरेदी केली नाही, तरी ५०,००० चे २५,००० व्हायलाच जवळपास ३४ महिने लागतात. फिटायला नाही, निम्मे व्हायला!

आता फक्त एक बदल करा. पहिल्या महिन्यात जे २,५०० भरले तेवढेच दर महिन्याला भरायचे, बँक कितीही कमी मागू दे. मग अख्खं कर्ज साधारण ३१ महिन्यांत संपतं. आणि ओढाताण करून ५,००० भरता आले तर १२ महिन्यांत जवळजवळ सगळं फिटतं, तेराव्याला तीनएकशे उरतात, आणि व्याजही २७ हजारांच्या आसपास जायचं ते १० हजारांच्या आसपास येतं. म्हणून आकडा तुम्ही ठरवा, पगार झाल्या झाल्या तो वळता करा, आणि बिलावरच्या मिनिममकडे बघूच नका.

हे करताना ते कार्ड वापरायचं नाही, ही अट सोडून चालणार नाही. कारण बिल पूर्ण भरलं तरच खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतचा बिनव्याजी काळ मिळतो, बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीला खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. म्हणजे आज किराणा घेतला तर आजपासून मीटर सुरू. शॉपिंग ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका आणि रोजचा खर्च डेबिट कार्डाने किंवा कॅशने करा.

कार्डं दोन-तीन असतील तर सगळ्यांचं मिनिमम भरा (इथे ते भरावंच लागतं) आणि उरलेली सगळी ताकद जास्त व्याजाच्या कार्डावर लावा. बँकेतून कमी व्याजाचं पर्सनल लोन घेऊन कार्ड एकदाच मोकळं करणं पण चांगला रस्ता आहे, फक्त प्रोसेसिंग फी धरून हिशोब करा, आणि मोकळं झालेलं लिमिट परत वापरायला लागलात तर दोन कर्जं होतील, हे मी जवळून बघितलंय. हप्ता झेपतच नसेल तर तारीख चुकायच्या आधी बँकेला फोन करा, हप्ते पाडून मागा. लाज वाटते, मलाही वाटली होती, पण आधी बोललेलं बरं पडतं. आणि कार्डावरून एटीएममधून कॅश काढू नका, त्यावर फी वेगळी आणि व्याज बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून.

ज्यांचं कार्ड सध्या क्लिअर आहे त्यांनी ऑटोपे लावा, पण लावताना टोटल ड्यू निवडलंय ना ते नीट बघा, मिनिमम निवडलं गेलं तर तुमच्या नकळत वरचा सगळा प्रकार सुरू होईल. मोठी खरेदी स्टेटमेंट डेटच्या (महिन्याचं बिल निघतं त्या तारखेच्या) दुसऱ्या दिवशी केली तर पैसे भरायला सगळ्यात जास्त दिवस मिळतात. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवला तर क्रेडिट स्कोअरलाही बरं. रिवॉर्ड पॉइंटसाठी एकही जादा वस्तू घेऊ नका, व्याजापुढे ते पॉइंट काहीच नसतात.

अजून एक, शेवटचा हप्ता भरला आणि तरी पुढच्या महिन्यात छोटंसं बिल आलं तर घाबरू नका, स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज असतं ते. तेही पूर्ण भरा, त्याच्या पुढचं स्टेटमेंट शून्याचं आलं की मगच कार्ड परत बाहेर काढा.