जुन्या, फेरबदल केलेल्या गाडीतले इंजिन कसे ओळखावे

इंदूरला एकीकडचे इंजिन आणि दुसरीकडची बॉडी ही गोष्ट नवीन नाही; महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्गची चासी व इंजिन अमेरिकन होते आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली होती. त्या गाडीची कागदपत्रे नीट राहिली. एखाद्या बंगल्याच्या गॅरेजात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या, तीन मिस्त्र्यांचे हात लागलेल्या गाडीबाबत मात्र लोखंडालाच विचारावे लागते.

बॉनेट उघडताच जे डोळ्यांत भरते, त्यावर सर्वांत कमी विसंबावे. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हांवरचे झाकण), एअर क्लीनर, कार्बोरेटर आणि रंग या अर्ध्या दिवसात बदलणाऱ्या वस्तू आहेत. ओळख पटवायची ती ब्लॉकवरून, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या ओतीव मुख्य भागावरून.

म्हणून आधी ब्लॉक डिझेल आणि पितळी ब्रशने स्वच्छ करावा. ग्राइंडर लावू नये, कारण ठोकलेले अंक उथळ असतात आणि घासलेला इंजिन नंबर पुढे चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेतो. ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे सापडतात. ओतकामातच उमटलेला, उठावदार आकडा त्या साच्यातून निघालेल्या असंख्य ब्लॉकांवर सारखाच असतो आणि इंजिनाचे घराणे सांगतो. सपाट जागी ठोकलेला आकडा त्या एका इंजिनाचा असतो. उठावाच्या अंकांवर खडू आडवा फिरवावा, ठोकलेल्या अंकांत खडूची भुकटी भरून वरची पुसावी, आणि टॉर्च समोरून न धरता कडेने धरून फोटो काढावा. तीन आणि आठ यांतला घोळ बहुधा एवढ्यानेच मिटतो. उदाहरणार्थ, शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 मध्ये (इंग्रजी V आकारात मांडलेले आठ सिलिंडर), चालकाच्या सीटवरून पाहता, ओतकामाचा आकडा मागे, गिअरबॉक्सचे बेल हाउसिंग जिथे बसते त्या कडेवर डावीकडे असतो, तर ठोकलेला आकडा पुढे, उजव्या हेडच्या (सिलिंडरांची वरची बाजू बंद करणाऱ्या भागाच्या) अगदी समोरच्या सपाटीवर असतो.

आकडा वाचताच येत नसेल, तर रचना पाहावी. डोक्यावर टॅपेट कव्हर नसून हेड पाटासारखे सपाट असेल, तर इंजिन साइड व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच व्हॉल्व्ह असलेले आहे. जुन्या विलीज जीपचे असेच होते. अॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणारे आणि धूर बाहेर काढणारे नळ) एकाच बाजूला असतात आणि हेडला चार सिलिंडरांसाठी पाचच पोर्ट, म्हणजे त्या नळांची तोंडे, दिसतात. व्ही-8 असल्यास डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) पाहावा: शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये तो मागे, तर फोर्डच्या 289 आणि 302 मध्ये पुढे असतो.

खात्रीसाठी माप घ्यावे. प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, मोजण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, पण भोक तिरके असेल तर माप फसते. हेड उतरवणेच बरे. गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावावा आणि पिस्टन सर्वांत वर व सर्वांत खाली असताना खोली मोजावी. दोहोंतला फरक म्हणजे स्ट्रोक. इंजिन अडकलेले असेल तर जोर न करता सिलिंडरांत थोडे तेल सोडून ते मुरू द्यावे. बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) वर्ग, 0.7854, स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांचा मिलिमीटरमध्ये गुणाकार करून हजाराने भागले की सीसी मिळतात. बोअर 68 आणि स्ट्रोक 75 मिमी आले, तर उत्तर 1089, म्हणजे पद्मिनीचे इंजिन. 73.025 आणि 88.9 आले, तर 1489, म्हणजे अॅम्बेसेडरचे. रिबोअर झालेले, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून मोठे केलेले इंजिन थोडे मोठे भरते: याच अॅम्बेसेडरच्या इंजिनाचे बोअर चाळीस थाऊ (इंचाचे हजारांश) वाढवले, तर ते सुमारे 1531 सीसी होते, म्हणून किंचित जास्त उत्तर आले तर वेगळेच इंजिन शोधत बसू नये.

शेवटी ठोकलेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर सुटे भाग मागवण्याआधी आरटीओत चौकशी करावी, कारण मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिनातला असा बदल आरसीवर नोंदलेला असावा लागतो.