फोडणीचा वास नको होतो तेव्हा

कॅन्सरवरच्या दुसऱ्या केमोनंतर चहा मला गंजक्या पाण्यासारखा लागायला लागला. आणि लसणीची फोडणी! ज्या वासावर मी लहानाची मोठी झाले, त्यानेच पोटात ढवळायचं.

आधी भांडी बदला. स्टीलऐवजी लाकडी चमचा, काचेची वाटी. तोंडातली धातूची चव बरीच सुसह्य होते.

गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, म्हणून ताट निवू द्या. सासूबाई कुरकुरायच्या, "गार अन्न कसलं खातेस गं?" पण गार दहीभातच पोटात टिकायचा. फोडणी पडेपर्यंत मी गॅलरीत बसायचे. सूप, दूध झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने घ्या, म्हणजे वास नाकापर्यंत येत नाही.

जेवणाआधी गुळण्या करा: एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा. हे पाणी गिळायचं नाही, रोज ताजं करायचं.

सगळं पांचट लागत असेल तर लिंबू, आमसूल, पुदिना. तोंड आलं असेल तर मात्र आंबट नको, नुसती आग होते. मटण कडू लागलं तर नीट उकडलेलं अंडं किंवा मुगाचं वरण. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतील तर घरचं दही, कच्ची कोशिंबीर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

माझी एक चूक सांगते. केमोच्या दिवशी हौसेने पुरणपोळी खाल्ली आणि उलटी झाली. पुढे वर्षभर पुरण शिजलं की मी घराबाहेर! आवडीचा पदार्थ त्या दिवशी ताटात घेऊच नका.